तळहातावरचा दवाखाना

इ. स. १५७१ मध्ये बीजिंगच्या राजवैद्यालयात खात्यांची फेरमांडणी झाली. मिंग घराण्यातला लोंगछिंग बादशहा तेव्हा गादीवर होता. तोवर तिथे वैद्यकाच्या १३ शाखा चालत. त्या वर्षी दोन कमी झाल्या. एक मंत्र म्हणून रोग उतरवणाऱ्यांची, दुसरी मर्दनाची. मंत्रवाल्यांना नारळ मिळाला हे समजू शकतं. पण मर्दन ही काही मागच्या दाराने आत शिरलेली विद्या नव्हती. थांग घराण्याच्या काळात, म्हणजे आठ-नऊशे वर्षं आधी, राजवैद्यालयाच्या चार विभागांत ती औषधं आणि सुया यांच्या पंक्तीला बसत होती. तिचा १ अध्यापक, ४ मर्दनवैद्य, १६ कारागीर आणि १५ विद्यार्थी असा रीतसर पटही नोंदलेला आहे. मोडलेली हाडं सांधणं आणि लचक उतरवणं ही कामंही त्या काळी याच विभागाकडे असत.

मग बिघडलं काय? वैद्यांच्या प्रतिष्ठेचं गणित बदललं. सोंग काळापासून राजपरीक्षेची तयारी केलेली, चार बुकं वाचलेली माणसं वैद्यकात येऊ लागली. नाडी पाहावी, एखाद्या ग्रंथाचा दाखला द्यावा, औषधाचा कागद लिहावा आणि उठावं, ही त्यांची रीत. रोग्याच्या अंगाला हात लावून घाम गाळणं हे हमामखान्यातल्या नोकराचं काम, असा त्यांचा समज. हाडं बसवणाऱ्यांनी तोवर आपली शाखा वेगळी थाटलेली होती. उरलेल्या मर्दनाला दरबारात वाली राहिला नाही.

आणि नेमक्या याच सुमारास छापखान्यांतून मर्दनाची पुस्तकं बाहेर पडू लागली. बालरोगांवरचा एक जुना, खिशात मावेल असा ग्रंथ १५७४ मध्ये वाढवून छापला गेला. त्याच्या अखेरीस आकडी ओळखून शिरा चिमटण्याच्या, तोंडी चालत आलेल्या ‘गुप्त’ युक्त्यांचं एक प्रकरण जोडलं होतं. १६०१ मध्ये सुयांच्या उपचारांवरचा एक जाडजूड संग्रह निघाला, त्यात मुलांच्या मर्दनाचा अख्खा ग्रंथच समाविष्ट होता. १६०४ मध्ये फक्त याच विषयाला वाहिलेलं स्वतंत्र पुस्तक आलं आणि त्यानंतर त्यांची रांगच लागली. मोठ्या माणसांचं मर्दन या पुस्तकांत जवळजवळ नाही. आहेत ती तान्ही, रांगती, फार तर दुधाचे दात पडायला आलेली मुलं. ‘तुइना’ हा शब्दही याच पुस्तकांतून रुळला. आज तो चीनमधल्या सगळ्या वैद्यकीय मर्दनाला लावतात. त्या काळी तो लहान मुलांपुरताच होता.

दरबाराने टाकलेली विद्या बालकांच्या हातात कशी गेली, हे कळायचं तर आधी त्या काळच्या आईबापांची भीती समजून घ्यायला हवी.

चिनी बालवैद्यकाने चार मोठे शत्रू मानले होते: गोवर, देवी, आकडी आणि पोट वाढवून हातपाय वाळवणारी सुकटी. या क्षेत्राचा मूळ पुरुष म्हणजे अकराव्या शतकातला छियान यी. सम्राट शेनझोंगच्या आजारी मुलाला त्याने बरं केलं आणि त्याचं नाव झालं. त्याच्या चिकित्सेचं पुस्तक १११९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, दुसऱ्याने संकलित केलं. बालरोगाला चीनमध्ये ‘मुकी शाखा’ म्हणत, कारण रोगी बोलत नाही. त्याची नाडी धरावी तर तो हात हिसकतो, आणि एवढ्याशा मनगटावर तीन बोटं मावतही नाहीत. म्हणून वैद्य बाळाची तर्जनी उलटी करून पाहत. तिच्या कडेने दिसणारी बारीक शीर पहिल्या पेरापर्यंत असली तर दुखणं वरवरचं, दुसऱ्यापर्यंत गेली तर खोल, तिसरं पेर ओलांडलं तर आशा कमी. पेरांना नावंही तशीच: वाऱ्याची वेस, प्राणवायूची वेस आणि शेवटची, आयुष्याची वेस.

चौघांत सर्वांत घाबरवणारी आकडी. गोवर-देवी दोन-चार दिवसांनी आपलं रूप दाखवतात. आकडीला वेळ नसते. मूल तापलेलं असतं, एकाएकी डोळे पांढरे होतात, दातखिळी बसते, हातपाय झटकू लागतात. चिनी समजुतीप्रमाणे मूल दचकलं की त्याच्या अंगात वारा शिरतो, म्हणून या व्याधीचं नाव दचक आणि वारा या दोन शब्दांचं. मर्दनाच्या पुस्तकांनी तिचे २४ प्रकार केले आणि त्यांची नावं वाचताना मला नेहमी वाटतं, ही कुणा पंडिताने ठेवलेली नसणार. कावळा-दचक: मूल एकदम मोठ्याने किंचाळतं आणि निपचित पडतं. मासा-दचक: तोंडाला पांढरा फेस येतो. घोड्याचं खूर: डोकं वर, हातपाय चौफेर उधळलेले. साप-दचक: जीभ आतबाहेर होते. रात्रभर उशाशी बसून पाहणाऱ्या बायकांची ही भाषा आहे. दारच्या, तळ्यातल्या आणि तबेल्यातल्या प्राण्यांवरून घेतलेली, आणि घाबरलेल्या बापाने शेजारणीला सांगितली तर तिला लगेच कळणारी.

वैद्य यावर काय देत? ‘ड्रॅगनला कवेत घेणारी गोळी’ नावाचं एक सुप्रसिद्ध औषध होतं, छियान यीच्या पुस्तकापासून चालत आलेलं. त्यात हिंगूळ, मनशीळ, कस्तुरी. हिंगूळ म्हणजे पारा आणि मनशीळ म्हणजे सोमल, हे आज शाळेतलं पोरही सांगेल. ते महाग होतं, कडू होतं, आणि दातखिळी बसलेल्या मुलाला पाजणं ही आणखी एक झटापट. याउलट अंगठा फुकट होता.

आता एक गोष्ट डॉक्टर मंडळी सांगतात ती इथे आठवावी. लहान मुलांना तापात येणारी साधी आकडी बहुतेक वेळा काही मिनिटांत आपोआप थांबते. म्हणजे नाकाखाली चिमटा काढा, तळवा चोळा, की नुसते देवाचं नाव घेत बसा, मूल शुद्धीवर येण्याची शक्यता मोठी. मर्दन करणाऱ्याच्या यशाचा बराच वाटा इथून आला असणार. पण मी याला फसवणूक म्हणायला तयार नाही. सोळाव्या शतकात मुलाला पारा न पाजणं हीच एक मोठी चिकित्सा होती. मात्र डोळ्यांसमोर मूल झटके देत असताना ‘थांबा, काही करू नका’ म्हणणारा वैद्य कुठल्याच देशातल्या आईबापांना चालत नाही. मर्दनाने त्यांना करायला काहीतरी दिलं, आणि जे दिलं त्याने मूल मरत नव्हतं.

१६०१ च्या संग्रहाची हकीकत गमतीची आहे. यांग जिचोउ हा जच्यांग प्रांतातल्या छूचोउचा, वैद्यांच्या घराण्यातला, सुया टोचण्यात वाकबगार. शान्शी प्रांतात झाओ वनबिंग नावाचा एक राजनिरीक्षक हातापायांतली शक्ती जाऊन पडून होता. बऱ्याच वैद्यांनी हात टेकल्यावर यांगला बोलावलं. त्याने तीन सुया टोचल्या आणि अधिकारी उभा राहिला, असं सांगतात. झाओने उपकार फेडायचे म्हणून यांगच्या घरातली हस्तलिखितं मागवली, त्यांत इतर ग्रंथांतली भर घातली आणि सगळं मिळून दहा खंडांत छापून दिलं. दहाव्या खंडात मुलांच्या मर्दनाचा ग्रंथ आहे. त्याचा कर्ता कोण? तर ‘सिमिंगचे चेन’. सिमिंग म्हणजे निंगबो बंदराचा परिसर, आणि चेन हे चीनमधल्या सर्वांत सामान्य आडनावांपैकी एक. या विद्येचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना सलग ग्रंथ, आणि लेखकाचं पुरतं नावही नाही!

याउलट १६०४ च्या पुस्तकाच्या गोंग थिंगशियानला नावाची वाण नव्हती. तो च्यांगशी प्रांतातल्या जिनशीचा. बाप राजवैद्यालयात, मुलगाही तिथेच. लू संस्थानाच्या राजपत्नीला बरं केल्यावर त्याला ‘वैद्यांतला अव्वल’ अशी पदवी मिळाली, राजपरीक्षेत पहिल्या येणाऱ्याला देतात तशी. त्याची पुस्तकं जपानपर्यंत वाचली जात. एवढ्या मोठ्या नावाचा वैद्य हमामखान्यातल्या विद्येवर पुस्तक लिहितो, यावरून बाजारात तिला किती मागणी होती ते दिसतं. फूच्येन प्रांतातल्या ज्यानयांगमध्ये तेव्हा लाकडी ठशांवर स्वस्त पुस्तकांचा महापूर आला होता. पंचांग, पत्रलेखन, कहाण्या आणि घरचे उपचार. अक्षरओळख असलेला व्यापारी, गावाकडचा मास्तर, वैद्यांपासून दूर पडलेलं कुटुंब, हे गिऱ्हाईक. ‘गुप्त’ विद्या छापून दुकानात मांडायची यात प्रकाशकांना काही वावगं वाटत नसे. उलट शीर्षकात ‘गुप्त’ असलं की पुस्तक जास्त भारदस्त दिसे.

ही पुस्तकं उघडली की आधी हात दिसतो. लहान मुलाचा पंजा आणि कोपरापर्यंतचा हात, त्यावर नावंच नावं. अंगठा प्लीहेचा, तर्जनी यकृताची, मधलं बोट हृदयाचं, अनामिका फुप्फुसांची, करंगळी मूत्रपिंडांची. तळव्याच्या मध्याभोवती बाग्वाच्या आठ चिन्हांचं वर्तुळ. मनगटापासून कोपरापर्यंत आतल्या बाजूने तीन रेषा: अंगठ्याकडची वर ढकलली की अंगात ऊब येते, करंगळीकडची खाली उतरवली की उष्णता निघते, आणि मधली, ‘आकाशगंगेचं पाणी’, साध्या तापासाठी. मोठ्यांच्या सुईवैद्यकात बिंदू असतात. इथे बिंदू थोडे. जास्त रेषा आणि पसरट जागा, कारण बाळाच्या कातडीवर अंगठा फिरवायला थोडी लांबी लागते. सगळ्या शरीराचा कारभार एका पंजावर आणून ठेवण्यामागे व्यवहारही आहे. थंडीत मुलाला उघडं करावं लागत नाही. एक बाही वर सारली की काम सुरू.

कातडी सोलवटू नये म्हणून बोट कशात तरी बुडवायचं. हिवाळ्यात आल्याचा किंवा कांद्याच्या पातीचा रस, उन्हाळ्यात गार पाणी, कधी तिळाचं तेल. मुलगा असेल तर डावा हात, मुलगी असेल तर उजवा. हा भेद पुढे सुटला, आता दोघांचाही डावाच घेतात. एकेक हालचाल जोडून तयार होणाऱ्या क्रियांची नावं तर पोरांना गोष्ट सांगत ओठंगून बसवावं अशी. तळाशी पडलेला चंद्र उपसणं: तळव्यावर गार पाण्याचा थेंब टाकायचा, बोट गोल फिरवायचं आणि वरून फुंकर घालायची. आकाशगंगेवरून घोडा पिटाळणं: दोन बोटांनी मनगटापासून कोपरापर्यंत टपटप थापा मारत जायचं. गांधीलमाशी बिळात शिरते: चोंदलेल्या नाकाच्या दोन्ही भोकांशी दोन बोटं हलवायची. माकड फळं तोडतं, दोन ड्रॅगन मोत्याशी खेळतात, अशी आणखीही. मजकूर बहुतेक पद्यात, पाठ करायला सोपा. वाचता न येणाऱ्या बाईने एकदा ऐकलं तरी डोक्यात राहावा, असा.

त्या बाईचं काय? पुस्तकांवर नावं पुरुषांची. पण तान्ह्या मुलाला रोज हाताळणाऱ्या बायकाच होत्या, आणि पैसे घेऊन घरोघर उपचार करणाऱ्या बायकाही होत्या. चौदाव्या शतकात थाओ झोंगयी याने ज्यांना घराच्या उंबऱ्याआत घेऊ नये अशा बायकांची यादी केली: ‘तीन आत्या आणि सहा म्हाताऱ्या’. त्यात सुईण आहे आणि औषधं विकणारी म्हातारीही आहे. सभ्य पुरुषांनी पुढची तीन-चारशे वर्षं ही यादी आळवली आणि त्यांच्याच घरातल्या बायकांनी त्या म्हाताऱ्यांना मागच्या दाराने बोलावलं. मला वाटतं कावळा, मासा आणि घोड्याचं खूर ही नावं तिथून आली. चेनपासून गोंगपर्यंतच्या पुरुषांनी ती ऐकली, त्यांना पंचतत्त्वं आणि बाग्वाचं अस्तर लावलं, आणि छापली.

विद्या त्याहूनही जुनी होती, हे सांगणारे पुरावे नंतर सापडत गेले. हूनान प्रांतात चांगशाजवळ मावांगदुई इथे १९७३ मध्ये तिसरी कबर उघडली, ती इ. स. पूर्व १६८ मध्ये बंद झालेली. त्यात रेशमावर लिहिलेले उपचार निघाले आणि त्यांत आकडी आलेल्या बाळाला चमच्यासारख्या साधनाने खरवडण्याचा एक विधी आहे. चौथ्या शतकात गे होंगने पोटदुखीसाठी पाठीची कातडी चिमटीत धरून माकडहाडापासून वर वर नेत जाण्याचं वर्णन केलं. ते मोठ्या माणसांसाठी होतं. मुलांकडे कसं वळलं ते पुढे येईलच. सातव्या शतकातला सुन सिमियाओ तर बायका-मुलांच्या रोगांना ग्रंथात आधी जागा देतो. बाळ धडधाकट असलं तरी सकाळी त्याच्या टाळूला आणि तळहात-तळपायांना औषधी मलम चोळावं, म्हणजे गार वारा बाधत नाही, असा त्याचा सल्ला. टाळू भरणाऱ्या आपल्याकडच्या आज्या हे वाचून नवं काय सांगितलं म्हणून विचारतील.

याच सुन सिमियाओच्या ग्रंथात ‘भारतातलं मर्दन, ब्राह्मणांची पद्धत’ असा १८ हालचालींचा एक भागही आहे, आणि तो दाखवून चिनी मर्दन आपल्याकडूनच गेलं असं ठोकून देणारे लोक मी ऐकले आहेत. त्यांनी तो भाग वाचलेला नसतो. त्या बहुतेक हालचाली माणसाने स्वतःच करायच्या आहेत: हात पिळणं, कंबर वळवणं, पाय ताणणं. त्यात बाळ कुठेच नाही. भारतातून बौद्ध भिक्षूंबरोबर वैद्यकातलं बरंच काही तिकडे गेलं हे खरं. तळहातावरचा हा नकाशा मात्र तिकडचाच.

सतराव्या शतकात सत्ता मिंगांकडून मांचूंच्या छिंग घराण्याकडे गेली. पुस्तकं थांबली नाहीत. १६९१ मध्ये लुओ रूलोंगचं आलं. १६९५ मध्ये आन्ह्वेई प्रांतातल्या ग्वेईछीच्या शिया यूझूने ‘बालरोगांचा लोखंडी आरसा’ लिहिला. हा गृहस्थ मला फार आवडतो. ग्रंथाच्या तोंडालाच त्याने वैद्यांबद्दलच्या ९ तक्रारी आणि ही विद्या ज्यांनी शिकू नये अशा १३ तऱ्हांचे लोक नोंदवून ठेवले आहेत. त्यानंतर कामाला लागला. मर्दनाने औषधाची जागा घ्यावी, हा त्याचा आग्रह. औषधं थंड-उष्ण असतात तसेच हाताच्या हालचालींचेही गुण असतात, असं म्हणून त्याने दोन्हींच्या जोड्या लावल्या: अमुक रेषा वर ढकलली की सोमलता (माहुआंग) आणि दालचिनी दिल्यासारखं, तमुक रेषा उतरवली की सायगा हरणाच्या शिंगाची पूड दिल्यासारखं. औषधाच्या दुकानात पैसे न मोजता तेच फळ. दुकानदारांना ते आवडलं नसणार.

पण शियाच्या हातात अंगठ्याबरोबर वातही होती. गवताच्या गाभ्याची वात तेलात भिजवायची, पेटवायची आणि बाळाच्या अंगावर ठरावीक जागी टेकवून उचलायची. नवजात बाळाच्या ‘बेंबीच्या वाऱ्या’साठी असे १३ चटके त्याने सांगितले आहेत. बेंबीचा वारा म्हणजे आपला धनुर्वात. नाळ अस्वच्छ पात्याने कापल्यामुळे होणारा. चटक्याने तो बरा होण्याचं काहीच कारण नाही आणि होत नसेच. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळांना दिलेल्या डागण्यांच्या बातम्या मराठी वाचक अधूनमधून वाचतोच. तेव्हा या प्रकाराकडे परका म्हणून नाक मुरडण्याची सोय आपल्याला नाही. तापातल्या आकडीत हातांना यश मिळालं, धनुर्वातात आगीलाही मिळालं नाही. मर्दनाची कीर्ती कोणत्या रोगावर टिकली आणि कोणत्या नाही, हे नीट पाहिलं तर तिची खरी ताकद किती होती तेही कळतं.

टीका घरातूनच आली. ग्वांगदोंगमधल्या लुओफू डोंगरातल्या चेन फूझंगने १७५० मध्ये ‘दचक-वारा’ ही कल्पनाच निकालात काढली. हे नाव मागच्या लोकांनी उगाच काढलं, सर्दीतापाने तापलेल्या मुलाला ‘दचकलं’ म्हणून भलती जड औषधं पाजतात आणि मुलं दगावतात, असा त्याचा आरोप. झटक्यांची त्याने नव्याने तीन गटांत विभागणी केली. वाचताना वाटतं, माणूस काळाच्या पुढे गेला. पुढची पानं उलटावीत तर वातीचे चटके आहेतच, आणि तेही वाढवून ६४ जागांवर!

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केंद्र शान्दोंगच्या किनाऱ्याकडे सरकलं. १८७७ मध्ये शू छियानग्वांगने तीन-तीन अक्षरांच्या चरणांत मर्दनाची पोथी बांधली. चिनी पोरं लिहायला-वाचायला ज्या तीन-अक्षरी पाठांवर शिकत, त्याच घाटात. त्याने पसारा कमी केला. दहा जागा चोळत बसू नका, एकच पकडा आणि भरपूर ढकला. बाळाला ३००, मुलाला ३०००, मोठ्या माणसाला ३०,०००. शेवटच्या आकड्याने मर्दन करणाऱ्याचीच परीक्षा होते. या परंपरेतला विसाव्या शतकातला मोठा माणूस म्हणजे ली दशिउ, वेईहाईचा. तरुणपणीच कानांनी अधू झाला, एका वृद्ध गुरूकडून ही पोथी शिकला आणि पुढे छिंगदाओमध्ये त्याने नाव काढलं. मुक्या शाखेतला बहिरा वैद्य. त्याच शहरात झांग हानचेन आणि जिनानमध्ये सुन चोंगसान हे दुसऱ्या दोन घराण्यांचे. तिघांच्या जागा वेगळ्या, हालचाली वेगळ्या, आणि शिष्यांत आजही वाद.

बीजिंगमध्ये वेगळीच रीत. तिथे फंग घराण्याने गे होंगच्या त्या जुन्या पाठीच्या चिमट्याचं बालरोगांतलं साधन केलं. चौथ्या पिढीतला फंग छुआनफू (१९०२–१९८९) राजधानीत सर्वांना माहीत होता. मूल खात नाही, पोट वाढलंय, चिडचिडतंय, अंगी लागत नाही, अशी तक्रार घेऊन आया सकाळी अनशापोटी मुलं आणत. मुलाला पालथं घालायचं, माकडहाडापासून मानेच्या बुडापर्यंत पाठीची कातडी दोन्ही हातांच्या चिमटीत पुढे पुढे लोटत न्यायची. पुढच्या फेऱ्यांत तीन चिमट्यांनंतर एकदा उचलायची. सहा दिवस रोज. जोडीला घरची पूड आणि पोटावर लावायची पट्टी. पहिल्या दिवशी पोरं आकांत करत. सहाव्या दिवशी काहींना भूक लागलेली असे, आणि तेवढ्यावर पुढचं कुटुंब येई.

मधल्या काळात ही सगळी विद्या बुडण्याच्या बेतात आली होती. फेब्रुवारी १९२९ मध्ये नानजिंग सरकारच्या आरोग्य समितीपुढे जपानमध्ये शिकलेल्या यू युनशिउने जुनं चिनी वैद्यक टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा ठराव मांडला आणि तो मंजूरही झाला. १७ मार्चला देशभरातले वैद्य शांघायमध्ये जमले, औषधांची दुकानं बंद झाली, शिष्टमंडळं नानजिंगला गेली, आणि सरकारने ठराव गुंडाळून ठेवला. या लढाईत तुइनावाले कुणाच्या खिजगणतीत नव्हते. तरी ती जिंकल्याचा फायदा त्यांना पुढे मिळाला. १९४९ नंतरच्या सरकारपुढे खेडोपाडी डॉक्टर नव्हते, औषधं नव्हती, आणि होते ते हे लोक. १९५६ मध्ये शांघायमध्ये तुइनाचा प्रशिक्षणवर्ग निघाला, १९५८ मध्ये शाळा झाली, झू चुनथिंग तिचा प्रमुख. १९५६ मध्येच बीजिंग, शांघाय, ग्वांगझोउ आणि छेंगदू इथे चिनी वैद्यकाची महाविद्यालयं उभी राहिली. जे १५७१ मध्ये राजवैद्यालयातून गेलं ते ३८५ वर्षांनी सरकारी अभ्यासक्रमात परत आलं. येताना चोवीस दचका बाहेर राहिल्या. पाठ्यपुस्तकात आता जुलाब, उलटी, अपचन, सर्दी-खोकला, ताप, रात्रीचं रडणं, अंथरुणात शू होणं, मानेचा जन्मजात वाकडेपणा, असे धडे आहेत. आकडी मागे पडली. तिच्यासाठी आता दवाखाने होते, आणि धनुर्वातासाठी लस.

आज चिनी शहरांत मुलांच्या तुइनाची दुकानं मॉलमध्येसुद्धा दिसतात. आईबापांचे वर्ग चालतात. प्रतिजैविकांचा मारा नको, म्हणून शिकलेली कुटुंबंच तिकडे वळतात. म्हणजे एकेकाळी पारा टाळण्यासाठी जे केलं ते आता दुसऱ्या औषधासाठी. दाव्यांची तपासणी व्हायला हवीच आणि ती सुरूही आहे. जुलाब आणि भूक मंदावणं यांवर चीनमध्ये बऱ्याच चाचण्या झाल्या, त्यांतल्या पुष्कळांत मर्दन केलेल्या गटाची मुलं बरी निघाली. पण त्या चाचण्या बहुधा लहान, एकाच दवाखान्यातल्या, आणि कोणत्या मुलाला काय मिळालं हे सर्वांना ठाऊक असलेल्या. जुलाबाचं सांगायचं तर मुलं मरतात ती पाणी निघून गेल्यामुळे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी बनगावच्या छावणीत दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममधून वाटलं, त्याने जे साधलं ते कुठल्याही अंगठ्याला साधलेलं नाही. जलसंजीवनी पाजून झाल्यावर पोट चोळायला कुणाची हरकत नाही. आधी चोळायला आहे.

पुढची अडचण संशोधकांची आहे. गोळीची परीक्षा घ्यायची तर दिसायला तशीच पण आत काही नसलेली गोळी देता येते. मर्दनात तसं करायला काही जण चुकीची जागा चोळतात, काही जण बरोबर जागी नुसता हात ठेवतात. पण चुकीच्या जागी पाच मिनिटं हात फिरवला तरी मूल शांत होतं, आणि शांत झालेलं मूल जास्त खातं, जास्त झोपतं. मग ‘चुकीच्या’ गटातलीही मुलं सुधारतात आणि दोन गटांतला फरक उरतो तो बारीकसा. तर्जनी यकृताची की आणखी कशाची, हे त्यातून ठरत नाही. छिंगदाओ, जिनान आणि बीजिंगची घराणी आपापल्या जागा चोळत असतात, तिघांकडेही गर्दी असते.